पिवळ्या गुलाबाची प्रतीक्षा

पुण्यातील वारजे-माळवाडीच्या रस्त्याने सायंकाळी जाताना फळांच्या हातगाड्यांवर पुरंदरचे अंजीर, नागपूरची संत्री आणि परदेशाहून शीतगृहांतून मजल दरमजल करीत आलेली, अंगावर कागदी बिल्ले मिरवणारी सफरचंदे दिव्याच्या प्रखर उजेडात शेजारी शेजारी मांडलेली दिसली, की सतराव्या-अठराव्या शतकांतील डच चित्रकारांच्या फळाफुलांच्या स्थिरचित्रांचे मला हटकून स्मरण होते. परंतु हे साम्य वरवरचे आहे, असेही लगोलग वाटू लागते.

कारण त्या चित्रांतला पुष्पगुच्छ प्रत्यक्षात कोणी कधी पाहिलेलाच नव्हता. वसंतात उमलणारा ट्युलिप आणि भर उन्हाळ्यातला गुलाब एकाच फुलदाणीत नांदतात, ते केवळ चित्रकाराने एकेका ऋतूत एकेक फूल टिपून ठेवले म्हणून. यान फान हाउसम (१६८२–१७४९) या चित्रकाराने तर, पिवळा गुलाब पुढल्या हंगामापर्यंत मिळणार नाही, सबब चित्र अपुरे आहे, असे आपल्या आश्रयदात्याला १७४२ मध्ये सरळ कळविले. आणि लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या एका चित्रावर १७३६ व १७३७ अशी दोन साले आहेत. उभ्या आयुष्यात शेकडो गुलाब रंगविलेल्या माणसाला एक गुलाब स्मरणातून उतरविणे काय जड होते? गिऱ्हाइकाला वाटेला लावण्यात वाकबगार असलेल्या आपल्याकडील कारागिरांना हा हट्ट निव्वळ वेडेपणाचा वाटेल. मला त्या सबबीत त्या कलेचे सारे इमान दिसते.

हे सर्व परमुलखातले म्हणून दूर ठेवावे, तर इतिहासाचे दप्तर तसे करू देत नाही. न्याहारीच्या मेजाची चित्रे काढून हार्लेम नगरीत नाव मिळविलेल्या विलेम क्लास हेडा याच्या घराण्यातला कॉर्नेलिस हेडा हा चित्रकार विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी होता. पुढे १६३७ साली, त्याच आदिलशाहीच्या मुलखात, वेंगुर्ल्यास डच कंपनीची वखार बसली, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या आरमाराला तेथून रसद पोहोचू लागली. पुण्याची जहागीरही त्या समयी शहाजीराजांकडे विजापूर दरबाराच्याच वतीने होती. म्हणजे मुठेकाठच्या या मळ्यांवर आणि त्या वखारीच्या जमिनीवर हुकमत एकाच सरकारची. त्याच १६३७ च्या फेब्रुवारीत, हार्लेममध्ये, ट्युलिपच्या कंदांना लिलावात अकस्मात गिऱ्हाईक मिळेनासे झाले आणि चढलेले भाव कोसळले. फुलाचा सट्टा बुडाला. फुलाचे चित्र मात्र चालूच राहिले. हार्लेमच्या त्या मेजांवर अर्धवट सोललेल्या लिंबाजवळ पुष्कळदा छापील पंचांगाच्या पानाची एक पुडी पडलेली असते आणि तिच्यातून मिरी सांडलेली असते. वाण्याच्या दुकानी आयुष्य गेलेल्या आपल्या माणसाला त्या पुडीची ओळख करून द्यावी लागत नाही. आणि ती मिरी हार्लेमच्या मातीत पिकलेली नसून पूर्वेकडून कंपनीच्या जहाजांनी नेलेली आहे, हेही त्याला सांगावे लागत नाही.

डच चित्रकार व कलालेखक साम्युएल फान हूग्स्ट्राटेन याने १६७८ च्या आपल्या ग्रंथात अशी स्थिरचित्रे काढणाऱ्या चित्रकारांना कलेच्या फौजेतील साधे प्यादे ठरविले. इतर टीकाकार कवटी, विझती मेणबत्ती आणि किडलेले पान दाखवून देहाच्या नश्वरतेचे कीर्तन मांडतात. ते खोटे नाही, परंतु कीर्तन तर आपल्याकडे गावोगाव होते, त्यासाठी हॉलंडपर्यंत जाण्याचे प्रयोजन काय? हातगाडीवर सारे ऋतू एकत्र आले ते शीतगृहाच्या कृपेने आणि कोणालाही वाट पाहावी न लागता. फान हाउसमने ते एकत्र आणले ते वर्ष खर्ची घालून. या दोन आमदानींची किंमत एक मानण्यास मी तयार नाही, आणि हूग्स्ट्राटेनचा निवाडाही मला कबूल नाही.

समुद्र आणि मासळी यांसाठी वेंगुर्ल्यास जाणाऱ्या वाचकांनी तेथील डच वखारीच्या पडक्या भिंतींसाठीही घटकाभर सवड काढावी, एवढी विनंती आहे.