लेखणीचे भांडवल

मनात एखादा विचार यावा, तो कागदावर उतरावा आणि कोणी तरी तो वाचावा, ही इच्छा श्रीमंताच्या वाड्यात उपजते तशीच गरिबाच्या झोपडीतही उपजते. परंतु लिहिणाऱ्याच्या वाटेवर दोन नद्या आडव्या येतात. लिहिलेले निर्दोष व सुबक करणे ही पहिली नदी. ते छापून लोकांपुढे ठेवणे ही दुसरी. यांपैकी दुसरी नदीच अधिक भयंकर वाटते. कारण, ती ओलांडावयाची तर पैशाची नाव लागते असा सर्वांचा समज असतो. “जवळ द्रव्य नाही, मग लिहून तरी काय उपयोग?” असे म्हणून कित्येक जण दौतीला बूच लावून स्वस्थ बसतात. हा समज कितपत खरा आहे, हे दोन दरिद्री तरुणांच्या चरित्रांवरून पडताळून पाहण्यासारखे आहे. एकाने छपाईची नदी ओलांडली, दुसऱ्याने आधी सुधारणेची नदी ओलांडली.

पहिल्याचे नाव आलॉइस झेनेफेल्डर. त्याचा जन्म १७७१ साली प्राग शहरी झाला. त्याचा बाप नट होता व जर्मनीतील म्युनिक येथील नाटकगृहात काम करी. बापाच्या मृत्यूमुळे आलॉइसचा कायद्याचा अभ्यास अर्धवट राहिला. घरी आई आणि लहान भावंडे. मिळकत जवळजवळ नाहीच. आलॉइसला नाटके लिहिण्याचा नाद होता. त्याचे एक नाटक छापले गेले, त्यातून चार पैसेही सुटले. त्यामुळे त्याला हुरूप आला आणि त्याने दुसरे नाटक छापावयास दिले. पण छापखान्यात काम रेंगाळले, पुस्तकांच्या जत्रेची वेळ टळली आणि विक्रीतून छपाईचा खर्चच कसाबसा निघाला.

या विलंबाच्या काळात झेनेफेल्डर छापखान्यात जाऊन बसत असे. खिळे कसे जुळवितात, शाई कशी लावितात, कागद कसा दाबतात, हे सारे तो डोळ्यांत तेल घालून पाही. “आपलाच एक लहानसा छापखाना असता, तर आपणच लिहिले असते आणि आपणच छापले असते!” हा विचार त्याच्या मनातून जाईना. खिळे व यंत्र विकत घेण्याची ऐपत तर नव्हती. मग त्याने खिळ्यांवाचून छापता येईल काय, याचा शोध आरंभिला. तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरे लिहावयाची व तेजाबाने ती कोरावयाची, असा प्रयोग त्याने केला. पण पत्रा महाग, आणि एकदा वापरलेला पत्रा घासून पुन्हा गुळगुळीत करण्यात फार वेळ जाई. तेव्हा सरावासाठी त्याने चुनखडीच्या दगडाची एक लादी घेतली. त्या प्रांती असल्या लाद्या घरांच्या फरशीला वापरीत. त्यामुळे त्या स्वस्त होत्या.

पुढे एके दिवशी घडले ते त्याने स्वतःच आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आईने त्याला परटिणीस द्यावयाच्या कपड्यांची यादी लिहून घेण्यास सांगितले. परटीण दारात खोळंबली होती. घरात कागदाचा कपटा उरला नव्हता, कारण सारा कागद त्याच्या प्रयोगांत संपला होता. दौतीतील शाईही वाळून गेली होती. झेनेफेल्डरने मेण, साबण व काजळ यांची स्वतः बनविलेली शाई घेतली आणि ती यादी समोरच्या दगडावरच लिहून टाकली. मागाहून ती पुसताना त्याच्या मनात आले की, या दगडावर तेजाब ओतून पाहावे. तेजाबाने शाईखालचा दगड तसाच राहिला आणि भोवतालचा भाग झिजला. अक्षरे किंचित वर उठून आली! त्यांवर शाई लावून छाप घेता येत होता. ही गोष्ट १७९६ सालची.

शोध लागला, पण तो कामास लावावयास यंत्र हवे आणि यंत्रास पैसा हवा. तेव्हा दुसऱ्या एका माणसाच्या बदली सैन्यात भरती व्हावे व त्याबद्दल मिळणाऱ्या रकमेतून यंत्र घ्यावे, असे झेनेफेल्डरने ठरविले. आपल्या आयुष्याची काही वर्षे विकण्यासही तो तयार झाला होता! परंतु त्याचा जन्म परप्रांतातला म्हणून लष्कराने त्याला परत पाठविले. तरीही त्याने हात टेकले नाहीत. एका संगीतकाराच्या साह्याने त्याने संगीताची पुस्तके छापली आणि प्रयोग चालूच ठेवले. १७९८ च्या सुमारास त्याला याहूनही सोपी युक्ती सापडली. तेल आणि पाणी यांचे कधी जुळत नाही, हे स्वयंपाकघरात सर्वांनाच माहीत असते. स्निग्ध शाईने दगडावर लिहावयाचे, मग दगड ओला करावयाचा. कोरा दगड पाणी पितो, अक्षरे पाणी घेत नाहीत. नंतर तेलकट शाईचा रूळ फिरविला की, ओल्या भागावर शाई बसत नाही, अक्षरांवर मात्र ती चिकटते. कागद ठेवून दाबला की झाली छपाई. काम संपताच दगड घासला की तो पुन्हा नव्या मजकुरासाठी तयार! यालाच शिळाछाप म्हणतात.

दरिद्री नाटककाराची ही विद्या देशोदेशी पसरली व आपल्या महाराष्ट्रातही आली. मुंबईत मिशनऱ्यांच्या छापखान्यातील पुस्तके पाहून गणपत कृष्णाजी या उद्योगी गृहस्थांस आपणही असे काही करावे, असे वाटले. त्यांच्यापाशीही मोठे भांडवल नव्हते. त्यांनी लाकडाचे यंत्र घडविले, दगड मिळविला, नाना तऱ्हेचे प्रयोग करून शाई तयार केली आणि १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढले. छापलेला कागद सोवळ्यात चालेल काय, अशी शंका घेणाऱ्या त्या काळात हे मोठेच धाडस होते. पुढे त्यांनी खिळेही तयार केले. हाताने लिहिलेले पंचांग मिळविण्यासाठी पूर्वी जोशीबुवांच्या दारी खेपा घालाव्या लागत. ते आता घरोघर जाऊ लागले. वळणदार देवनागरी अक्षर जसेच्या तसे दगडावरून कागदावर उतरत असल्यामुळे, पुढे कितीतरी पोथ्या या रीतीने छापल्या गेल्या.

येथवर वाचून कोणासही वाटेल की, छपाईची नदी ओलांडली की लेखकाचे काम झाले. पण येथेच थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या नाटकांसाठी झेनेफेल्डरने एवढा खटाटोप केला, त्या नाटकांचे काय झाले? जगाला त्याचा दगड आठवतो. त्याची नाटके मात्र विस्मृतीत गेली. छापखाना अक्षरे मोठ्या संख्येने काढू शकतो, परंतु त्या अक्षरांत तो जीव घालू शकत नाही. ते काम पहिल्या नदीच्या काठीच पुरे व्हावे लागते. आणि आश्चर्य असे की, जिला कोणी भीत नाही अशी ही पहिली नदीच अधिक खोल आहे.

ही पहिली नदी दुसऱ्या एका मुलाने कशी ओलांडली ते आता पाहू. बेंजामिन फ्रँकलिन याचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. त्याचा बाप साबण व मेणबत्त्या बनवी. घरात सतरा भावंडे. त्यामुळे दहाव्या वर्षीच बेंजामिनची शाळा सुटली. बाराव्या वर्षी तो आपल्या वडील भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला. म्हणजे झेनेफेल्डरला जे दुर्लभ होते, ते या मुलाच्या हाताशी होते. तरीही केवळ छापखान्यात राहिल्याने लेखक होता येत नाही, हे त्याला लवकरच कळून आले.

एकदा एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रे बापाच्या हाती पडली. बापाने वादात कोणाचीच बाजू घेतली नाही. पण मुलाला जवळ बोलावून सांगितले की, तुझे शुद्धलेखन व विरामचिन्हे मित्राहून चांगली आहेत, परंतु भाषेचा डौल, विचारांची मांडणी आणि स्पष्टता यांत तू त्याच्या मागे आहेस. बापाने प्रत्यक्ष उताऱ्यांवर बोट ठेवून हे दाखविले. बेंजामिनला राग आला नाही. त्याने आपले लेखन सुधारण्याचा निश्चय केला.

पण शिकवावयास गुरू नव्हता आणि गुरूला द्यावयास पैसा नव्हता. त्याच सुमारास ‘स्पेक्टेटर’ नावाच्या इंग्रजी नियतकालिकातील निबंधांचा एक सुटा खंड त्याच्या हाती आला. त्यातील लेखन त्याला अतिशय आवडले, आणि त्याने त्या पुस्तकालाच आपला गुरू केले. एक निबंध वाचावयाचा. प्रत्येक वाक्याचा आशय दोन शब्दांत टिपून ठेवावयाचा. मग काही दिवस तिकडे पाहावयाचे नाही. नंतर केवळ त्या टिपणांच्या आधारे तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहावयाचा आणि मूळ निबंधाशी ताडून पाहावयाचा. आपल्या चुका तेथे आरशातल्याप्रमाणे दिसत. त्या तो दुरुस्त करी.

असे करता करता त्याला आढळून आले की, आपल्यापाशी शब्दांचा साठा थोडा आहे. मग त्याने काही गोष्टींचे पद्यात रूपांतर करून पाहिले. पद्यात मोजका व मेळ खाणारा शब्द लागतो, म्हणून एकाच अर्थाचे अनेक शब्द शोधणे भाग पडते. मूळ गद्य विसरल्यावर त्या पद्याचे तो पुन्हा गद्य करी. विचारांची मांडणी साधावी म्हणून तो कधी कधी टिपणांचे कागद मुद्दाम विस्कटून टाकी आणि काही आठवड्यांनी ते नीट क्रमाने लावी. हा सारा अभ्यास रात्री काम संपल्यावर, पहाटे काम सुरू होण्यापूर्वी आणि रविवारी चाले. पुस्तकांसाठी पैसे हवेत म्हणून त्याने भावाकडून आपल्या जेवणाचा अर्धा खर्च रोख मागून घेतला, पाव, मूठभर मनुका व पेलाभर पाणी असल्या फराळावर भागविले आणि त्यातूनही निम्मे पैसे वाचवून पुस्तके घेतली.

पुढे सोळाव्या वर्षी त्याच्या अभ्यासाची परीक्षा झाली. भाऊ एक वृत्तपत्र चालवीत असे. पोराचे लेखन तो छापणार नाही, हे बेंजामिन ओळखून होता. त्याने अक्षर बदलून, एका प्रौढ विधवेच्या नावाने एक पत्र लिहिले आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकविले. दुसऱ्या दिवशी भावाच्या विद्वान मित्रांनी ते वाचले, वाखाणले आणि गावातील मोठमोठ्या पंडितांची नावे घेऊन लेखक कोण असावा याचा तर्क चालविला. उमेदवार मुलगा जवळच काम करीत उभा होता. त्याला मनात केवढा आनंद झाला असेल! १७२२ सालच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत अशी चौदा पत्रे छापून आली. त्यांना एक पैचाही खर्च आला नाही, कारण खर्च आधीच झाला होता. तो जागरणांच्या आणि खोडलेल्या ओळींच्या रूपाने झाला होता.

आज दुसरी नदी फारच उथळ झाली आहे. चार ओळी क्षणात हजारो लोकांपर्यंत पोहोचविणारी साधने मुलांच्याही हाती आली आहेत. म्हणूनच पहिल्या नदीची आठवण अधिक ठेवली पाहिजे. लिहिलेला मजकूर चार दिवस बाजूला ठेवावा, मग परक्याच्या डोळ्यांनी वाचावा. मोठ्याने वाचावा, म्हणजे जीभ जेथे अडखळते तेथे वाक्य अडखळले आहे हे समजते. स्पष्ट बोलणाऱ्या एका मित्राला दाखवावा आणि त्याने दाखविलेला दोष गोड मानून घ्यावा. यांपैकी एकाही गोष्टीला पैसा पडत नाही.

आणि छापावयाचेच साधन नसेल, तर काय करावे? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत. त्याला ना खिळे लागत, ना यंत्र. लागे ती शाई, कागद आणि मुलांविषयीचे प्रेम. पुढे ज्या लेखणीने अवघ्या महाराष्ट्रातील मुलांना वेड लावले, तिचे पहिले वाचक असे एका छपराखालीच भेटले होते. कितीतरी शाळांतून हस्तलिखित मासिके निघतात. कोणी लिहितो, कोणी चित्रे काढतो, ज्याचे अक्षर मोत्यासारखे असते तो स्वच्छ नक्कल करतो आणि एकच प्रत वर्गभर फिरते. त्या एका प्रतीचे चाळीस वाचक होतात. चाळीस वाचक हे नव्या लेखकाला थोडे नव्हेत.

कागदाचे एक पान, शाईचा एक थेंब, पुन्हा लिहिण्याचा धीर आणि खरे सांगणारा एक वाचक, एवढे लेखणीचे भांडवल होय. हे ज्याच्यापाशी आहे, त्याने आपल्या दौतीचे बूच खुशाल उघडावे.