तिकीट न विकणारा नकाशा

जमिनीवरचा रस्ता बंद पडला तरी त्याची खूण राहते. रेल्वेचे रूळ उपटून नेले तरी भराव राहतो, मोऱ्या राहतात, नदीत उभे असलेले पुलाचे दगडी खांब पुढच्या पिढ्यांना सांगत राहतात की इथून कधीकाळी गाडी जात होती. विमानमार्गाच्या नशिबी असे काही नसते. विमान पुढे सरकले की आकाश पूर्ववत मिटते. मार्ग म्हणून जे काही उरते ते वेळापत्रकातली एक ओळ आणि नकाशावरची एक रेघ. ती ओळ पुढच्या हंगामात छापली नाही की मार्ग संपतो, आणि इतका पुरता संपतो की तो कधी नव्हताच असे वाटावे. म्हणून या रेघा कोण जपतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. विमान कंपन्या त्या जपत नाहीत; त्यांचे लक्ष पुढच्या हंगामाकडे असते. जपल्या त्या प्रामुख्याने हौशी माणसांनी, आपला संगणक आणि फावला वेळ खर्च करून. त्यांनी बनवलेले मार्गनकाशांचे प्रोग्राम बहुतेकांना विरंगुळ्याची खेळणी वाटतात. माझ्या मते ते आपल्या काळाचे दप्तर आहेत, आणि दप्तराला जो मान द्यायचा तो त्यांना द्यायला हवा.

कंपनीने काढलेला नकाशा सुंदर असू शकतो. ल्यूसिआं बूशे या चित्रकाराने एअर फ्रान्ससाठी रंगवलेले जगाचे नकाशे भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहेत. पण कितीही सुंदर असला तरी तो नकाशा तिकीट विकण्यासाठी काढलेला असतो. त्यावर फक्त स्वतःच्या रेघा असतात, प्रतिस्पर्ध्याची एकही नसते; भागीदार कंपनीच्या रेघा मात्र बेमालूम आपल्याच रंगात मिसळलेल्या असतात. कमानी डौलदार दिसाव्यात म्हणून वळवलेल्या असतात, आणि बंद झालेला मार्ग पुढच्या छपाईत गुपचूप गळून पडतो. हौशी नकाशाला काही विकायचे नसते, म्हणून त्याला सगळ्यांच्या रेघा एकाच कागदावर आणता येतात. ‘एअरलाइन रूट मॅपर’ हा घरच्या संगणकावर चालणारा छोटा प्रोग्राम असो किंवा ‘ओपनफ्लाइट्स’ हा खुला प्रकल्प असो, आतली रचना थक्क व्हावे इतकी साधी आहे. एका तक्त्यात विमानतळ असतात: नाव, तीन अक्षरांचा संकेत, अक्षांश, रेखांश, उंची. दुसऱ्यात विमान कंपन्या. तिसऱ्यात मार्ग: कोणती कंपनी, कुठून, कुठे, मध्ये किती थांबे, कोणत्या जातीचे विमान. ओपनफ्लाइट्सच्या या तिसऱ्या तक्त्यात 67,663 ओळी आहेत, 3,321 विमानतळ आणि 548 कंपन्या यांना जोडणाऱ्या. जाणे आणि येणे वेगळे मोजले आहे, आणि एकाच जोडीवर पाच कंपन्या उडत असतील तर पाच ओळी आहेत. तेव्हा शहरांच्या जोड्या त्याहून पुष्कळ कमी. बाकी गणित जुन्याच गोलीय त्रिकोणमितीचे: दोन अक्षांश, दोन रेखांश, आणि गोलावरचे सर्वांत जवळचे अंतर, म्हणजे महावृत्ताचा तुकडा. एवढ्यावर प्रश्न विचारता येतो.

आणि प्रश्न विचारता येणे हेच खरे वैभव आहे. समजा, कोळिकोडहून परदेशी जाणाऱ्या सगळ्या रेघा मागितल्या. पडद्यावर जे उमटते ते पाहून कोणालाही कळेल की या शहराचे घर कुठे आहे आणि चूल कुठे पेटते. दुबई, शारजा, अबू धाबी, दोहा, मस्कत, जेद्दा: रेघा जवळजवळ सगळ्या अरबी समुद्र ओलांडून एकाच बाजूला झुकतात. कोची आणि तिरुवनंतपुरम यांच्याही पुष्कळ रेघा तिकडेच. कामगारांच्या स्थलांतरावरचा एखादा जाडजूड अहवाल जे सांगतो त्याचा सांगाडा इथे एका दृष्टिक्षेपात दिसतो. केरळ एवढ्याशा किनारपट्टीवर चौथा आंतरराष्ट्रीय विमानतळ कण्णूरला 2018 साली का उघडतो, हेही त्या झुकलेल्या रेघांत आधीच लिहिलेले असते. मुंबईहून मॉरिशसला जाणारी रेघ पाहा. तिच्या दुसऱ्या टोकाला मराठी बोलणाऱ्यांचे वंशज आहेत, ज्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात गलबतातून उसाच्या मळ्यांवर गेले होते. मात्र सावध राहायला हवे. रेघ फक्त ‘आहे’ एवढेच सांगते, ‘का’ ते सांगत नाही. मॉरिशसच्या विमानात आज मधुचंद्राला निघालेली जोडपीही असतात, व्यापारीही असतात. तरीही कुठे शोधायला जावे हे रेघेनेच सांगितलेले असते, आणि तेवढे सांगणाऱ्या साक्षीदाराला मी कमी लेखणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सर्वांत वजनदार आहे. हा मार्गांचा तक्ता जून 2014 मध्ये गोठला. ज्या स्रोताकडून माहिती येत होती त्याने नवी माहिती देणे थांबवले, आणि ओपनफ्लाइट्सने प्रामाणिकपणे लिहून टाकले की आता या तक्त्याला फक्त ऐतिहासिक मोल आहे. मग शिळ्या माहितीचे कौतुक कशाला? मी उलट म्हणेन की त्या ‘फक्त’ शब्दातच तक्त्यावर अन्याय झाला आहे. उद्या दिल्लीला जायचे असेल तर हा तक्ता उघडू नये, हे खरेच. पण 2014 च्या उन्हाळ्यात जग एकमेकांशी कसे बांधलेले होते हे पाहायचे असेल तर तो उघडावाच लागेल. त्या वेळी जेट एअरवेज जोमात उडत होती आणि मुंबई-दिल्लीहून ब्रसेल्सला जाऊन तिथून अटलांटिक ओलांडत होती. 2016 मध्ये तिने तो तळ अॅम्स्टरडॅमला हलवला आणि 17 एप्रिल 2019 ला शेवटचे विमान उडवले. एअर बर्लिन 2017 मध्ये बंद पडली, बर्लिनचा टेगेल विमानतळ 2020 मध्ये. तेव्हा मोपाचा विमानतळ नव्हता, चिपीचा नव्हता, शिर्डीचा नव्हता. आजचा अद्ययावत नकाशा या साऱ्याबद्दल मूक आहे, कारण अद्ययावत राहायचे म्हणजे कालचे पुसत जायचे. गोठलेला तक्ता पुसत नाही. जनगणनेचा जुना खंड आज किती माणसे आहेत हे सांगत नाही म्हणून कोणी रद्दीत घालत नाही.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे: ही रेघच मुळात खोटी आहे. विमाने महावृत्तावरून क्वचितच तंतोतंत उडतात. वारा असतो, वादळे असतात, नियंत्रकांनी आखलेले हवाई रस्ते असतात आणि बंद केलेल्या सीमा असतात. नकाशा मात्र दोन टोके सरळ जोडून मोकळा होतो. मला ही आदर्श रेघ फार मोलाची वाटते, कारण तिच्याशी ताडून पाहिल्याखेरीज वळसा मोजता येत नाही. हेलसिंकी ते टोकियो हे अंतर महावृत्तावर सुमारे 7,800 किलोमीटर आहे, आणि ती रेघ जवळजवळ सगळी रशियावरून जाते. सोव्हिएत काळात परक्यांना ते आकाश बहुतांशी बंद असे. म्हणून युरोपची बरीच विमाने जपानला जाताना अलास्कातल्या अँकरेजला थांबत. स्कँडिनेव्हियन कंपनीने ही ध्रुवीय वाट 1957 मध्ये उघडली. 1983 मध्ये फिनएअरने उत्तर ध्रुवावरून विनाथांबा टोकियो गाठले. पुढे सायबेरिया खुला झाला आणि फिनलंडच्या या कंपनीने आपला आशियाचा सारा व्यवहार त्या आखूड रेघेवर उभारला. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, रशियाचे आकाश पुन्हा मिटले, आणि साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. काही विमाने पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली, 1983 च्या वाटेने. हौशी नकाशावर हेलसिंकी-टोकियोची रेघ या सगळ्या काळात जागची हललेली नाही. ती न हलल्यामुळेच युद्धाची किंमत किलोमीटरांत आणि तासांत दिसते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचा जो वेळ वाढला, तो मोजायची पट्टीही हीच.

रेघेचा एक दोष मात्र मला मान्य करावाच लागतो. मुंबई-दिल्ली दिवसभर विमानांची रीघ असते, तर एखाद्या बेटावर आठवड्याला एकच विमान उतरते. तक्त्यात दोन्हीकडे एका दिशेला दर कंपनीमागे एकच ओळ. रेघेला जाडी नाही. हा तोटा खरा आहे, आणि रहदारीचा अभ्यास करणाऱ्याला तो खुपणारच. पण बेटावरच्या माणसाला विचारले तर शून्य आणि एक यांतले अंतर एक आणि वीस यांच्यातल्या अंतरापेक्षा फार मोठे असते. स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही नियमित विमानसेवा आहे. अंतर तीन किलोमीटरांहून कमी, उड्डाण दोन मिनिटांच्या आत. जाडीच्या हिशेबात ती रेघ दिसणारही नाही. असणे आणि नसणे यांच्या हिशेबात ती न्यूयॉर्क-लंडनच्या मानाने बसते, आणि मला हा हिशेब जास्त माणुसकीचा वाटतो.

कोणी म्हणेल, हे काम आता मोठ्या कंपन्यांची शोधयंत्रे करतात, आणि चोख करतात. करतात, पण ती तारीख आणि गाव आधीच ठरलेल्या ग्राहकासाठी. नागपूर आणि नैरोबी या दोन्ही गावांहून एका थांब्यात कुठे भेटता येईल, कोणत्या देशाच्या राजधानीला शेजारच्या राजधानीशी थेट विमान नाही, कोणता विमानतळ एका कंपनीच्या भरवशावर जगतो, असले प्रश्न तिकीट-विक्रीच्या खिडकीवर विचारता येत नाहीत. शिवाय तिथली माहिती तिथेच राहते. विमानांचे वेळापत्रक गोळा करून विकणे हा जुना धंदा आहे; ओएजी हे प्रसिद्ध मार्गदर्शक अमेरिकेत 1929 मध्ये सुरू झाले, आणि आज त्याची पूर्ण माहिती विकत घेणे ही संस्थांनाच परवडणारी गोष्ट आहे. धंद्याबद्दल माझी तक्रार नाही. गोळा करणाऱ्याला मोबदला मिळावा. पण अमुक गावाहून तमुक गावी विमान जाते ही गोष्ट गुपित नाही, ती विमानतळाच्या फलकावर लिहिलेली असते. हौशी माणसांनी ती फलकावरून तक्त्यात आणली आणि परवान्यासकट सर्वांना खुली केली, म्हणूनच कुठल्याशा महाविद्यालयातला विद्यार्थी खिशाला खार न लावता जाळ्यांचे गणित शिकू शकतो. 2013 मध्ये ब्रॉकमान आणि हेल्बिंग या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की साथीचा रोग किती दिवसांत कुठे पोहोचेल हे किलोमीटरांपेक्षा हवाई जाळ्यातल्या जवळिकीवरून नेमके कळते. हा विचार समजून घ्यायला, स्वतः करून पाहायला, खुला तक्ता लागतो.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो टाळणे बरे नाही: तापत्या पृथ्वीवर विमानमार्गांचे हे प्रेम शोभते का? जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तो थोडक्या लोकांच्या प्रवासातून येतो. मला वाटते, कमी करायचे असेल तर आधी दिसले पाहिजे. फ्रान्सने 2023 मध्ये, जिथे अडीच तासांत आगगाडीने पोहोचता येते तिथली विमाने बंद करण्याचा नियम लागू केला. त्याच्या कचाट्यात आले ते पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, ल्यों आणि बोर्दोला जाणारे तीनच मार्ग. नियम मोठा की छोटा, हे ठरवायला तक्त्यातल्या रेघा लांबीप्रमाणे लावून पाहाव्या लागतात, आणि त्यांच्या शेजारी रूळ आहेत का ते तपासावे लागते. पापा वेस्ट्रेची रेघ आखूड आहे म्हणून खोडायची का, याचेही उत्तर नकाशाच देतो, कारण मध्ये समुद्र आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती प्रेमापोटी आहे. मार्गांच्या त्या तक्त्यात नऊ रकाने आहेत. त्यांत तारखेचा एकही नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या गोष्टी एकमेकींवर पडतात. इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळाचा संकेत एप्रिल 2019 मध्ये नव्या विमानतळाकडे गेला. 2014 चे मार्ग आजच्या विमानतळांच्या यादीशी जोडले तर विमाने अशा जागी उतरतात जिथे तेव्हा धावपट्टीच नव्हती. हैदराबादचा संकेत 2008 मध्ये बेगमपेटहून शमशाबादला गेला, बेंगळुरूचाही त्याच वर्षी नव्या जागी गेला. प्रत्येक ओळीला ‘केव्हापासून’ आणि ‘केव्हापर्यंत’ हे दोन रकाने जोडले तर हा गोंधळ मिटेल, आणि दप्तर मागेही वाढवता येईल. जुन्या वेळापत्रकांची पाने हौशी संग्राहकांनी जपलेली आहेत, वर्तमानपत्रांत जाहिराती आहेत, टपाल खात्याच्या नोंदी आहेत. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला आणलेले टपाल दोन ओळींत बसेल. पोर्तुगीज सत्तेने 1955 मध्ये गोव्यात विमान कंपनी काढली. भारताच्या नाकेबंदीमुळे तिची विमाने दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीकडे जात, आणि डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा त्या रेघा संपल्या. तिथे शेवटची तारीख इतिहासानेच देऊन ठेवली आहे. आणि नागपूर: 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. अमेरिकेतल्या मेम्फिसला रात्री सारी पार्सले एकत्र आणून वाटण्याची फेडेक्सची जी रचना 1973 पासून जगभर वाखाणली गेली, तिचीच ही रीत, चोवीस वर्षे आधीची. नागपूरसाठी आठ ओळी पुरतील, चार येणाऱ्या आणि चार जाणाऱ्या, आणि विमानाच्या रकान्यात डकोटा.