तळहातावरचा उजेड

हिंडलग्यात आणि बेळगावच्या कॅम्पात मिळून चाळीसेक वर्षं मी फोटो काढले. लग्न, बारसं, मुंज, शाळेचा ग्रुप, रेशनकार्डासाठी पासपोर्ट साईज, आणि घरातलं कुणी गेलं की भिंतीवर लावायचा मोठा फोटो. नातवंडं विचारतात, "आजोबा, बटण तर दाबायचं असतं, त्यात काय एवढं?" बटण दाबणं खरंच काही नव्हतं. काम त्याच्या आधी असायचं, उजेड मोजण्याचं. त्याबद्दल थोडं लिहितो.

माझा पहिला धंद्याचा कॅमेरा यशिका मॅट १२४जी. सेकंडहँड घेतलेला. वरून मान खाली घालून बघायचं, दोन भिंगं, १२० चा रोल आणि एका रोलात फक्त १२ फोटो. कृष्णधवलसाठी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' मिळायचा, कधी ओर्वो. बारा फोटोंत एक वाया गेला तर चटका बसायचा, म्हणून प्रत्येक फोटोआधी माणसाकडे नीट बघायची सवय लागली.

कॅमेऱ्यात मीटर होता, काटा हलायचा. पण मीटर हा मोठा भोळा प्राणी. त्याला वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करडी आहे, पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारी. चुन्याची पांढरी भिंत दाखवा, तो ती करडी करायला बघतो. काळी म्हैस दाखवा, तिलाही करडी करतो. आता चुन्याच्या भिंतीपुढे उन्हात राबलेला एखादा मामा उभा करा. मीटर भिंत बघून उजेड कमी करणार, आणि मामा काळाठिक्कर. भिंत मात्र छान. मग घरचे म्हणणार, "आमचे तात्या एवढे काळे आहेत काय वो?"

शिवाय त्या मीटरची बॅटरी पाऱ्याची, १.३५ व्होल्टची. पुढे पाऱ्याच्या बॅटऱ्या बंद झाल्या. १.५ व्होल्टची घातली की काटा उजेड आहे त्याहून जास्त दाखवायचा आणि फोटो काळपट यायचा. तेव्हा मीटरवर विसंबून चालायचंच नाही. भर उन्हात १०० च्या फिल्मला ॲपर्चर १६ आणि शटर १२५, ढग आले की ८, सावलीत ५.६ किंवा ४, हे पाढ्यासारखं पाठ. रोलच्या खोक्यात सूर्य आणि ढगांची चित्रं असलेला कागद यायचा, त्यावरही हेच छापलेलं असायचं.

कॅम्पातले एक जुने स्टुडिओवाले माझे गुरू. त्यांनी मला तळहात वाचायला शिकवलं. भविष्य नव्हे, उजेड. माणूस गोरा असो, सावळा असो, काळा असो, तळहाताचा रंग सगळ्यांचा बऱ्यापैकी सारखा. तो त्या करड्यापेक्षा साधारण दुपटीने उजळ. म्हणून ज्याचा फोटो काढायचा त्याच्या चेहऱ्याजवळ तळहात धरायचा, मीटर वाचायचा आणि एक स्टॉप जास्त उघडायचा. मग सावळा माणूस सावळाच येतो, गोरा गोराच. गुरू म्हणायचे, "मीटर उजेड सांगतो. कुणासाठी उजेड धरायचा, ते तू ठरव."

हे वाक्य मला दरवर्षी १ जूनला आठवायचं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आपल्या गावात आहे. त्या दिवशी लोक अभिवादनाला जमतात. दिवस पावसाच्या तोंडावरचे, त्यामुळे बरेचदा आभाळ पांढरट. कॅमेरा सरळ धरला की मीटर आभाळाला भुलतो आणि समोरची माणसं अंधारात जातात. मी मीटर खाली वळवायचो आणि पुढे उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यावर वाचायचो. मागचं आभाळ पांढरंफटक गेलं तर गेलं. आभाळाचा फोटो काढून घ्यायला तिथे कुणी आलेलं नसायचं.

आता थोडं नाजूक बोलतो. आमच्या धंद्यात 'दाखवायचा फोटो' हा एक प्रकार होता. मुलगी लग्नाला आली की आई तिला घेऊन यायची आणि हळूच म्हणायची, "जरा उजळ काढा की वो." उजळ काढणं अवघड नव्हतं. एक स्टॉप जास्त द्यायचा, निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करायचं, गालावरचा डाग गायब. सगळेच स्टुडिओवाले हे करायचे. मीही केलं, पोटापाण्याचा प्रश्न होता. एकदा मात्र एक मुलगीच म्हणाली, "मामा, मी आहे तशी काढा. बघायला आल्यावर त्यांचं तोंड उतरायला नको." तिचा मी आहे तसा फोटो काढला, तळहात वाचून. सावळी, तरतरीत, डोळ्यांत पाणी असलेली. तो फोटो मला अजून आवडतो.

हा उजळपणाचा सोस फक्त आपलाच असं नाही. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी नमुन्याचे फोटो द्यायची, त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. कित्येक वर्षं त्या कार्डांवर गोऱ्या बाईचाच फोटो असायचा. तिची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आला असं समजायचं. त्या मापात आपल्या सावळ्या माणसांचे तपशील बुडायचे. म्हणजे यंत्र कुणाची बाजू घेत नाही असं म्हणतात, पण यंत्राला माप घालून देणारा माणूसच असतो.

फोन आणि कॉम्प्युटरवर माझा राग नाही. उलट कौतुकच आहे. फोन एका क्षणात अनेक फोटो घेतो, उजळ आणि काळोखे भाग जुळवून एक करतो, चेहरा ओळखून त्याप्रमाणे उजेड धरतो. दिवाळीत पणतीच्या उजेडातला फोटो मी यशिकावर तिवईशिवाय काढूच शकलो नसतो. धुळीचे ठिपके झाकायला मी बारीक ब्रश घेऊन तासभर बसायचो, ते कॉम्प्युटरवर मिनिटात होतं. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला मी साठीनंतर शिकलो, आणि मजा आली.

पण एक गोष्ट बोचते. पूर्वी उजळ करायचं की नाही हे आई, मुलगी आणि मी, तिघं मिळून ठरवायचो. आता विचारत कुणीच नाही. नातीने काढलेला माझा फोटो बघितला, तर कपाळावरच्या आठ्या गायब. मी म्हटलं, "अगं, हे काय केलंस?" ती म्हणाली, "मी नाही केलं आजोबा, फोनच करतो."

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एक काकू गेल्या. बाराव्याच्या आधी मुलगा आला, भिंतीवर लावायला १२ बाय १५ चा फोटो पाहिजे म्हणून. फोनमध्ये आईचे शेकडो फोटो. पण ते ह्याच्याकडून त्याच्याकडे फॉरवर्ड होत आलेले, कसेबसे हजार पिक्सेलचे. १५ इंचाला नीट प्रिंट यायला त्याच्या चौपट लागतात. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक फोटोत चेहरा मेणासारखा गुळगुळीत. काकूंच्या कपाळावर गोंदण होतं, हिरवट तीन ठिपके. फोनने ते डाग समजून पुसून टाकलेले. मुलगा एकेक फोटो बघत होता आणि शेवटी म्हणाला, "मामा, आई अशी दिसत नव्हती वो."

मी ट्रंक उघडली. माझ्या सगळ्या निगेटिव्ह कागदी पाकिटांत आहेत, वर तारीख आणि घराचं नाव. १९९१ चं पाकीट निघालं. त्याच मुलाच्या थोरल्या भावाच्या लग्नानंतरची सत्यनारायणाची पूजा. काकू दारात उभ्या, हातात तांब्या. निगेटिव्ह खिडकीकडे धरली आणि उलट्या रंगातही ते तीन ठिपके दिसले. स्कॅन करून प्रिंट काढली. मी त्यात काहीही सुधारलं नाही, फक्त धूळ काढली. मुलगा बराच वेळ बघत बसला. मग त्याने ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता फोटो घेऊन गेला.

निगेटिव्हचं हेच सुख आहे. ती वाचायला दुसरं यंत्र लागत नाही, डोळे आणि खिडकी पुरते. माझ्याकडे लग्नांच्या सीडी आहेत, त्या लावायला आता घरात कुणाच्या लॅपटॉपला खाचच नाही. १९९८ साली अल्बमवरची नावं कॉम्प्युटरवर टाईप केली होती. फॉन्ट युनिकोडच्या आधीचा, त्यामुळे आज ती फाईल उघडली की मराठीच्या जागी नुसता चिन्हांचा पसारा. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव मात्र अजून वाचता येतं.

म्हणून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर करा. फोनच्या कॅमेऱ्यात चेहरा सुंदर करायची सोय असेल तर ती बंद करा, निदान घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आकार घटत नाही. वर्षाला निवडक दहाबारा फोटोंच्या प्रिंट काढा. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा, बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. आणि हे घरात कोण सांगू शकतं त्यांच्याजवळ बसून लिहा, आत्ताच. दारात तांब्या घेऊन उभी असलेली बाई कोण, हे फोनला कळणार नाही.