आकडा कुणाचा?

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं जळकोट सोडून मी पुण्यात नोकरीला लागलो, तेव्हा डेटाशीट उघडायची आणि सांगितलेल्या रजिस्टरमध्ये सांगितलेली किंमत टाकायची, यालाच मी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिणं समजत होतो. बाइट ऑर्डरची व्याख्या परीक्षेपुरती पाठ होती. काही यंत्रं आकड्याचं मोठं टोक आधी ठेवतात, काही लहान. त्यावाचून कुणाचं काही अडत असेल असं वाटलंच नव्हतं, कारण माझ्यासमोर आलेली सगळी यंत्रं इंटेलची होती.

ते अज्ञान ज्यांनी घालवलं त्या आमच्या टीममधल्या मॅडम. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही.

इंटेलवर सुरळीत चालणारा ड्रायव्हर पॉवरपीसीच्या बोर्डावर एकही पॅकेट वर पाठवेना. मला कार्डच खराब वाटत होतं. मॅडमनी आलेल्या फ्रेमची लांबी छापायला लावली. आकडा आला १५३६०. इथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम, शेवटचे चार तपासणीचे बाइट सोडले तर, ६० बाइटची. आणि ६० गुणिले २५६ म्हणजे १५३६०. दोन बाइटांची अदलाबदल झाली होती. एवढी मोठी फ्रेम असूच शकत नाही म्हणून ड्रायव्हर ती फेकून देत होता.

"अरे, हा आकडा कुणाचा?" त्यांनी विचारलं. मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कागदावर तीन रकाने आखले: वायर, कार्ड, सीपीयू. वायरवरच्या आयपी-टीसीपीच्या हेडरमध्ये मोठं टोक आधी. आमचं कार्ड पीसीआयचं, त्याच्या डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे फ्रेमची लांबी वगैरे नोंदवलेल्या तक्त्यात, लहान टोक आधी. सीपीयू ज्याचा त्याचा: इंटेलचं लहान टोक आधी, आमच्या पॉवरपीसीचं मोठं. इंटेलवर कार्ड आणि सीपीयूचं आपसूक जुळतं, त्यामुळे तिथलं रूपांतर राहिलं तरी कळत नाही. पॉवरपीसीवर वायर आणि सीपीयूचं जुळतं, तिथे वायरवरच्या आकड्याचं रूपांतर राहिलं तरी झाकलं जातं. आणखी एक मेख होती. लिनक्समध्ये कार्डाचं रजिस्टर 'रीडएल'ने वाचलं की उलटापालट आतच होते. डिस्क्रिप्टर मात्र मेमरीत असतो, कार्ड तो डीएमएने परस्पर भरतं, तिथे आपणच उलटवायचं. रजिस्टरची किंमत पुन्हा उलटवली, तर केलेलं वाया जातं.

तो कागद पाहताना जळकोटचे गुरुजी आठवले. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. म्हणून पूर्ण आकडा ऐकल्याशिवाय ते पाटीला पेन्सिल लावू देत नसत. (२०१९ मध्ये बालभारतीने 'वीस पाच' सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला!) आधी क्रम, मग आकडा ही गुरुजींची शिस्त पुण्यात कामाला आली.

पुण्याला हा विषय नवा नव्हता. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा २००३ चा महासंगणक परम पद्म आयबीएमच्या, मोठं टोक आधी ठेवणाऱ्या, पॉवर४ प्रोसेसरवर होता, २००८ चा परम युवा इंटेल झिऑनवर. दोन्हींच्या आतली यंत्रं एकमेकांना जोडणारं परमनेट हे नेटवर्क सी-डॅकनेच घडवलेलं. त्या लोकांना हा प्रश्न माझ्या कितीतरी आधी पडला असणार.

ज्यांना कधी भेटलो नाही अशांचंही देणं आहे. डॅनी कोहेन यांनी १९८० साली गलिव्हरच्या गोष्टीतल्या अंड्याच्या टोकांवरून, कुठलं टोक आधी या भांडणाला नाव दिलं आणि कुठलाही एक क्रम ठरवा, अशी विनवणी केली. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरवल्ड्स यांनी २००३ मध्ये 'स्पार्स' हे तपासणीचं साधन सुरू केलं. पुढे अल व्हिरो यांनी लिनक्स कर्नलच्या नेटवर्क कोडमधल्या आकड्यांना क्रमाप्रमाणे वेगळे टाइप लावण्याचं किचकट काम केलं. मोठ्या टोकाचा आकडा लहान टोकाच्या जागी ठेवला, की स्पार्स बोर्डाशिवायच हटकतो, आणि चालत्या ड्रायव्हरचा वेग तसूभर कमी होत नाही. मॅडम टेबलाशी उभ्या राहून जे विचारायच्या, ते आता मी घरी एकटा असतानाही विचारलं जातं.

आमच्या भागातली मुलं आता या कामात येत आहेत. हाताशी फक्त इंटेलची यंत्रं असली तरी त्यांनी स्पार्स चालवावा आणि क्यूएमू या आभासी यंत्र चालवणाऱ्या साधनावर मोठ्या टोकाचं एखादं यंत्र उभं करून पाहावं. आणि स्पार्सची सूचना आली, की सक्तीचा कास्ट टाकून, म्हणजे टाइप जबरदस्तीने बदलून, ती गप्प करू नये, एवढी विनंती.