तिकीट काढून पाहणाऱ्याचे मत

मराठीत चित्रपटांविषयी जे लिहिले जाते त्यात साधारणपणे दोन आवाज ऐकू येतात. एक जाणकार समीक्षकाचा, दुसरा गल्ल्याच्या आकड्यांचा. या दोहोंच्या मध्ये, स्वतःच्या खिशातून तिकीट काढून अडीच तास अंधारात बसणारा आणि बाहेर पडताना 'बरा होता' किंवा 'पैसे गेले' एवढेच म्हणणारा एक मोठा वर्ग असतो. आम्ही त्या वर्गातले. महाविद्यालयात मराठी शिकवतो, राहतो सोमाटण्यात. चित्रपट पाहायचा तर बहुधा पिंपरी-चिंचवड गाठावे लागते आणि चौघांचे जाणे-येणे, तिकिटे, मध्यंतरातले खाणे धरले तर हे प्रकरण स्वस्तात पडत नाही. अशा माणसाचे मत फुकटचे नसते, एवढे तरी मान्य व्हावे.

आमच्या मावळात इंद्रायणी तांदूळ पिकतो. त्याचा भात मऊ, सुवासिक आणि किंचित चिकट होतो. तो बिर्याणीला चालत नाही म्हणून इथे कोणी त्याला हिणवत नाही. पिठल्याबरोबर त्याच्यासारखा दुसरा नाही, हे सर्वांना ठाऊक असते. साहित्यप्रकाराची संकल्पना आम्ही वर्गात ॲरिस्टॉटलपासून शिकवतो, पण तिचा गाभा या भातात आहे. प्रत्येक प्रकार वाचकाला किंवा प्रेक्षकाला काही कबूल करत असतो. ते त्याने पाळले का, हा पहिला प्रश्न. जे कबूल केले ते मुळात कितपत मोलाचे होते, हा दुसरा. समीक्षक पुष्कळदा थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी घेतो. प्रेक्षक पहिल्यापाशी थांबतो. दोन्ही विचारल्याशिवाय मत पुरे होत नाही, अशी आमची धारणा आहे.

विनोदी चित्रपटाचेच पाहा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटावर बेतलेला. पुरुषांनी बायकांचे सोंग घेण्याची युक्तीही जुनीच. तरीही तो पुन्हा पुन्हा पाहिला जातो, आणि याचे कारण केवळ अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या हजरजबाबीपणात नाही. त्या सोंगाच्या मुळाशी डोक्यावर छप्पर नसण्याची खरी अडचण आहे. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली, सोमाटण्यात खोली शोधणारी आणि 'फक्त कुटुंबालाच देऊ' हे उत्तर ऐकणारी मुले आम्ही पाहतो. त्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. याचे लेखन वसंत सबनीसांचे. 'विच्छा माझी पुरी करा' त्यांचेच आणि दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'चे (१९७१) लेखनही त्यांचेच. गंमत अशी की, पहिले आम्ही लोकनाट्य म्हणून आदराने शिकवतो, दुसऱ्याचे नाव निघाले की वर्गात घसा खाकरतो. लेखक तोच, वगाची परंपरा तीच. मग आदर नेमका कशाचा होता, हा प्रश्न उरतोच.

रडवणाऱ्या कौटुंबिक चित्रपटांना अभ्यासकांनी कधी दारात उभे केले नाही. 'माहेरची साडी' (१९९१) हा तर थट्टेचाच विषय झाला. आमचे मत विचाराल तर त्याने कबूल केलेले रडू पुरेपूर दिले, पण सोसण्यालाच बाईचे मोठेपण ठरवले, आणि ती किंमत आम्हाला जास्त वाटते. तथापि त्या रडणाऱ्या बायकांना हसणे आम्हाला जमणार नाही. त्यांचे अश्रू पडद्यावरच्या लक्ष्मीपुरते नव्हते. पुढे 'बाईपण भारी देवा' (२०२३) आला तेव्हा बायका जथ्याने, साड्या नेसून चित्रपटगृहात गेल्या. सहा बहिणींचे जुने सल मंगळागौरीच्या खेळांत फार सोयीस्करपणे विरघळतात, ही आमची तक्रार आहेच. पण एका पिढीने सोसण्यावर खर्च केलेली दुपार दुसऱ्या पिढीने हसण्यावर खर्च केली, हा फरक कथानकाच्या उणिवांहून मोठा आहे.

भयपट हा प्रकार आपल्याकडे 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) किंवा 'झपाटलेला' (१९९३) अशा मोजक्या नावांनी आठवला जातो. 'तुंबाड' (२०१८) हिंदीत असला तरी त्याची माती मराठी आहे. पहिल्या वेळी त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा आधीपेक्षा अधिक कमाई करून गेला. पहिल्या आठवड्याचा गल्ला म्हणजे लोकांचे मत, हे समीकरण त्यामुळे मोडले. मत पिकायला वेळ लागतो. आम्हाला त्यात भीती वाटली ती हस्तरपेक्षा विनायकरावाची, दर वेळी आणखी एकाच मोहोरेसाठी खाली उतरणाऱ्या माणसाची. महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या शेजारी राहणाऱ्यांना ही भीती परकी नाही. भाताची खाचरे विकून आलेला पैसा आणि त्यावरून भावाभावांत धरलेला अबोला इथे फार लांब शोधावा लागत नाही.

खरी अडचण येते ती ऐतिहासिक चित्रपटापाशी. हा मावळ्यांचा मुलूख. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना ही आमची रोजची क्षितिजे. 'फर्जंद' (२०१८), 'पावनखिंड' (२०२२), 'छावा' (२०२५) अशा चित्रपटांना जाताना प्रेक्षक श्रद्धा बरोबर घेऊन जातो, आणि त्यात काही गैर नाही. मात्र बाहेर आल्यावर 'कसा वाटला?' या प्रश्नाला चित्रपटाविषयी उत्तर मिळत नाही, महाराजांविषयी मिळते. 'लढाया लांबल्या' असे एखादा विद्यार्थी म्हणतो आणि लगेच इकडेतिकडे पाहतो. 'छावा'विषयी आम्ही म्हणू की शेवटच्या छळाला इतका वेळ दिल्याने 'बुधभूषण' रचणारा, अनेक आघाड्यांवर राज्य सांभाळणारा राजा मागे पडतो. देहाच्या यातना लक्षात राहतात, बुद्धीची झेप राहत नाही. हे म्हणणे चुकीचे ठरू शकेल, पण ते चित्रपटाविषयीचे म्हणणे आहे. त्याला उत्तरही चित्रपटातूनच द्यावे लागेल.

श्रद्धा आणि परीक्षण यांचे वैर असायचे कारण नाही, याचा पुरावा आमच्या शेजारीच आहे. देहू इथून जवळ. तिथल्या तुकोबांवर 'प्रभात'ने १९३६ साली 'संत तुकाराम' काढला. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले-फत्तेलाल यांनी विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांइतकीच जागा, संसाराच्या ओढाताणीने पांडुरंगावर संतापणाऱ्या जिजाईला दिली. तिच्या रागाने तुकोबा लहान झाले नाहीत, उलट घरातले झाले. ज्या चित्रपटात भक्ताच्या घरातच देवावर रागावण्याची मुभा आहे, तो पाहणाऱ्यालाही मोकळे करतो.

आणि 'सैराट' (२०१६). प्रेमकथेच्या सगळ्या अटी नागराज मंजुळे यांनी मध्यंतरापर्यंत हौसेने पाळल्या. गाण्यांवर मुले खुर्च्यांतून उठून नाचली. शेवटी संगीतही काढून घेतले आणि रक्ताने माखलेली लहान पावले तेवढी ठेवली. त्यानंतर कितीतरी दिवस वर्गात एकच प्रश्न येत राहिला : 'सर, शेवट असा कशाला केला?' समीक्षेच्या परिभाषेत तो प्रकाराच्या संकेतभंगाचा प्रश्न आहे. मुलांच्या परिभाषेत तो त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा होता. विचारणाऱ्यांपैकी काहींची आडनावे एकमेकांना चालणारी नव्हती, हे वर्गाला ठाऊक होते आणि आम्हालाही. त्या दिवशी कॅथार्सिसची व्याख्या फळ्यावर लिहिणे आम्हाला शक्य झाले नाही. मुलांनाच बोलू दिले.

अभिरुची घडवणे हे भाषेच्या शिक्षकाचे काम, असे आपण परंपरेने मानत आलो. ते खोटे नाही. पण घडवण्याआधी जी आहे ती ऐकून घ्यावी लागते. 'आवडला' आणि 'आवडला नाही' यांच्यापुढे 'कारण' हा शब्द जोडायला विद्यार्थी शिकला, आणि ते कारण चारचौघांत उच्चारताना त्याला इकडेतिकडे पाहावे लागले नाही, तर आमचा तास कारणी लागला असे आम्ही समजू. पुढच्या सत्रात 'संत तुकाराम' आणि 'छावा' लागोपाठ दाखवून मुलांना लिहायला सांगण्याचा विचार आहे. उत्तरपत्रिकांत काय येईल, याची आम्हाला उत्सुकता आहे आणि थोडी धास्तीही.