घड्याळ पालथं कर

रात्रपाळी सुटली आणि जॉबरनं मला दारातच धरलं. त्याच्या पुतण्याचं घड्याळ हरवलेलं. काळं, प्लॅस्टिकचं, आकड्यांचं. माझ्या मनगटावर तसलंच.

‘घड्याळ काढ. पालथं कर.’

केलं. पाठीवर चौकोनात ५९३.

‘काका, माझ्यावर बी ह्योच आकडा व्हता!’ पुतण्या ओरडला. झालं. आकडा जुळला, चोर सापडला. रिंगखात्यात तसली घड्याळं चारपाच जणांकडं. पण पालथं करायला लावलं ते बौद्धवाड्यातल्या एकट्या पोराला. का, ते तुम्हाला सांगायला नको, दोस्तहो.

मी सातवीत शाळा सोडली. पण दिसेल ते वाचायची खोड जात नाही. रद्दीचा कागद, औषधाची बाटली, तशी घड्याळाची पाठ. नाक्यावरच्या घड्याळजीनं चार स्क्रू काढून सीआर २०१६ चा सेल बदलला, तेव्हाच एकेक अक्षर विचारून घेतलेलं. स्टेनलेस स्टील बॅक म्हणजे पाठ तेवढी पोलादी, बाकी अंग प्लॅस्टिकचं. वॉटर रेझिस्ट म्हणजे शिंतोडे चालतील, विहिरीत उडी नाही.

मी म्हणालो, ‘चौकोनातला आकडा आतल्या यंत्राचा. त्याला मॉड्यूल म्हणतात. शेजारी एफ-९१डब्ल्यू लिहिलंय, ते मॉडेलचं नाव. कॅसिओनं हे १९८९ साली काढलं. ह्या मॉडेलला ५९३च असतो. आकडा घड्याळाच्या जातीचा, मालकाचा नव्हे.’

कुणी हललं नाही. मग साच्यावरचे तात्या पुढं आले. मनगटावरचं घड्याळ काढून जॉबरच्या तळहातावर पालथं ठेवलं.

५९३.

जॉबर गडबडला. उजवं बटण दाबून धरलं. तीन सेकंदांनी काचेवर कॅसिओ उमटलं. ‘अस्सल हाय. तुला कुठनं परवडलं?’

‘पगारातनं. अन् बटणानं अस्सल-नक्कल कळतं, मालक कळत नाही.’

‘मग हे तुझंच कशावरनं?’

‘त्याचंच कशावरनं?’

घड्याळ माझ्या अंगावर फेकलं. चुकलं म्हणाला नाही.

घरी आलो. झोप येईना. सुई घेतली आणि पोलादी पाठीवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. कोरून झालं आणि मग राग आला. पुरावा मनगटाला बांधून मीच का हिंडायचं? दोस्तहो, त्या पुतण्याला असं काही कोरायची गरज कधी पडली असेल का?