पांचवें वर्ष

गेल्या वर्षींच्या वैशाखांत एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर आमच्या घरीं ओटीवर बैठक बसली. विषय होता आमच्या पुतणीच्या शिक्षणाचा. ती यंत्रशास्त्राची, म्हणजे सर्वत्र जिला मेकॅनिकल इंजिनिअरिंग म्हणतात त्या विद्येची, तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टींत घरीं आली होती व येतांना एक अर्ज घेऊन आली होती. त्यावर वडिलांची सही झाली म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम पांच वर्षांचा होऊन शेवटीं बी.टेक. व एम.टेक. अशा दोन पदव्या एकदमच पदरांत पडणार होत्या. सही न झाल्यास पुढील वर्षीं एक पदवी, आणि तिच्या पाठोपाठ नोकरी.

आमच्या घरांत अशा वेळीं वडीलकीच्या नात्यानें शेवटचा शब्द आमचा धरतात. वस्तुतः आम्ही मॅट्रिक. पुढें जें कांहीं संपादन केलें तें संस्कृताचें. यंत्रांशीं आमचा संबंध सायकलीपलीकडे कधीं गेला नाहीं. तेव्हां निदान प्रश्न तरी नीट समजून घ्यावा म्हणून आम्हीं मुलीस विचारलें, "बी.टेक.स चार वर्षें, एम.टेक.स दोन; बेरीज सहा होते. मग मधलें एक वर्ष गेलें कोठें?"

तिनें सांगितलें तें असें. रीतसर मार्गानें जाणारा विद्यार्थी पहिली पदवी मिळाल्यावर गेट नांवाची अखिल भारतीय परीक्षा देतो, प्रवेशाकरितां अर्ज करीत बसतो, आणि नव्या ठिकाणीं नव्या गुरुजनांपुढें पुन्हां श्रीगणेशा करतो. एकत्र अभ्यासक्रमांत ही मधली भिंतच नसते. चौथ्या वर्षींच वरचे विषय हातीं घेतां येतात, आणि शेवटीं एकच मोठा प्रबंध लिहावयाचा असतो. अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठांत तर कांहीं ठराविक वरचे विषय दोन्ही पदव्यांच्या हिशेबांत धरण्याची उघड सोय आहे. हें ऐकून आम्हांस मोठी मौज वाटली. उंबरठ्यावर ठेवलेला एकच दिवा माजघरही उजळतो आणि ओटीही. यालाच आमचे शास्त्रकार देहलीदीपन्याय म्हणतात. मीमांसकांनीं तर एकदांच केलेलें कर्म अनेकांस कसें उपकारक होतें याच्या विचारास जैमिनिसूत्रांचा अख्खा अकरावा अध्याय वाहिला आहे. आम्ही त्या अध्यायावर बोलूं लागलों तेव्हां मंडळी एकमेकांकडे पाहूं लागली. सबब तो विषय तेथेंच सोडला.

आमच्या धाकट्या बंधूंचें मत प्रतिकूल होतें. ते म्हणाले, "दादा, विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजांतून 1883 सालीं एल.सी.ई. झाले, पहिले आले, आणि 1903 सालीं खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवून मोकळे झाले. त्यांना कोणीं एम.टेक. विचारलें?" मुलगी म्हणाली कीं, जर्मनींत पुष्कळ काळ 'डिप्लोम' ही एकच सलग लांब पदवी असे, पहिली आणि दुसरी असा भेदच नव्हता, 1899 पासून चालत आलेली ती पद्धत तेथें 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर मोडली व तिचे दोन तुकडे झाले. बंधूंनीं तात्काळ विचारलें, "म्हणजे ते तोडतात तें आपण जोडावयाचें?" यावर सगळीं हंसलीं, परंतु बंधूंचें हंसणें वरवरचें होतें. त्याच हिंवाळ्यांत त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती, बिनपगारी रजा पडली होती, आणि मुलीच्या शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज कांहीं रजा घेत नव्हतें.

त्यांतच मुलीनें, लपवून ठेवावयाचें नाहीं म्हणून, एक गोष्ट आपण होऊन सांगितली. तिच्या संस्थेच्या नियमाप्रमाणें दोन्ही पदव्या पांचव्या वर्षाच्या अखेरीसच मिळत. एकदां या क्रमांत शिरल्यावर चौथ्या वर्षीं हातांत कागद येणार नाहीं. हें ऐकतांच आम्हीं "नको" असें सांगून टाकलें आणि उठून आंत गेलों.

वाचकांस हें विचित्र वाटेल. जन्मभर ज्यानें मुलांना शिका, शिका म्हणून सांगितलें त्यानें घरच्या मुलीस शिकूं नको म्हणावें! कारण सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. मॅट्रिकनंतर आम्ही पाठशाळेंत शास्त्रीच्या अभ्यासास बसलों होतों. अर्धा अभ्यास झाला आणि तीर्थरूप निवर्तले. घरीं आलों, शाळेंत लागलों. त्या अर्ध्या अभ्यासाच्या बळावर आम्हीं वर्षानुवर्षें रघुवंश शिकविला. पण पगारपत्रकावर आमच्या नांवापुढें शेवटपर्यंत 'मॅट्रिक' एवढेंच राहिलें. अर्धी शिडी कोणी मोजीत नाहीं. बंधूंचा तो उतरलेला चेहरा आणि तो अर्ज एकाच वेळीं समोर पाहिला, तेव्हां मुलीच्या जागीं आम्हांस आम्हीच दिसलों.

मुलीनें वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही झोपाळ्यावर बसलों असतां ती कुंपणाच्या तारेचा एक तुकडा घेऊन आली. "अण्णाकाका, ही तोडून दाखवा." आम्हीं दोन्ही हातांनीं ओढली, कांहीं झालें नाहीं. "आतां एकाच जागीं इकडे तिकडे वांकवा." दहाबारा वेळां वांकविली असेल नसेल, तार कट्‌कन तुटली. मग तिनें सांगितलें कीं, धातूलाही थकवा येतो. एका धक्क्यानें जें मोडत नाहीं तें त्याहून पुष्कळ हलका भार लाखों वेळां पडल्यानें मोडतें. 1842 सालीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस असाच तुटून पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. पुढें ऑगस्ट व्होलर नांवाच्या जर्मन रेल्वे-इंजिनिअरनें आंस पुन्हां पुन्हां वांकवून कोणत्या भाराखालीं किती फेऱ्यांनीं तो मोडतो याचे वर्षानुवर्षें प्रयोग केले. इतकें ज्ञान असूनही 1954 सालीं कॉमेट जातीचीं दोन विमानें आकाशांत फुटलीं. आंतल्या हवेचा दाब प्रत्येक उड्डाणागणिक कमीअधिक होऊन पत्र्यास भेगा पडल्या होत्या. भेग बहुधा कोपऱ्यांतून सुरू होते, म्हणून यंत्राच्या दांड्याची जाडी जेथें बदलते तेथें कोपरा टोंकदार न ठेवतां गोल घेतात. तो किती गोल असावा, हाच तिच्या प्रबंधाचा विषय व्हावयाचा होता.

"चार वर्षांत आम्हांला दुसऱ्यांनीं काढलेले आलेख वाचायला शिकवतात," ती म्हणाली. "मला एक तरी आलेख स्वतः काढायचा आहे, काका."

आम्हीं तारेचे दोन्ही तुकडे खिशांत टाकले. संध्याकाळीं बंधूंस सांगितलें कीं सही करा, वर्षाचा खर्च आमच्याकडे. काशीयात्रेसाठीं म्हणून ठेवलेली आमची एक ठेव बँकेंत होती. बंधू "दादा, हें बरें नव्हे" असें चारदां म्हणाले. सौभाग्यवतींनीं दोन दिवस आमच्याशीं अवाक्षर काढलें नाहीं, आणि तिसऱ्या दिवशीं मुलीच्या लाडवांचा डबा भरतांना म्हणाल्या, "काशी कुठें पळून जात नाहीं." एवढ्यावर तें प्रकरण मिटलें. भीति मात्र मिटली नाहीं. चौथें वर्ष संपलें, तिच्या वर्गांतलीं बहुतेक मुलें पदव्या घेऊन नोकऱ्यांवर गेलीं, त्यांचीं छायाचित्रें आलीं. त्या दिवशीं बंधूंनीं रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली कीं नाहीं हें आम्हीं दोनदां विचारलें.

यंदा गौरींना ती आली नाहीं. तिचा लोखंडी नमुना यंत्रावर चढविला होता. यंत्र सेकंदास दहा हिसके देतें, म्हणजे दहा लक्ष हिसक्यांना अठ्ठावीस तासांच्या आसपास लागतात. आणि नमुना कोणत्या क्षणीं तुटेल याचा नेम नसल्यामुळें तिला तेथून दूर जाववेना. गौरीजेवणाच्या रात्रीं पानें वाढलीं असतां तिचा फोन आला. बंधूंनीं तो सर्वांस ऐकूं येईल असा मध्यें ठेवला. आमच्या वृद्ध मातोश्रींनीं विचारलें, "तुटलें का गो तुझें तें?"

"नाहीं आजी, बारा लाख झाले. अजून तसाच आहे."

आनंद मानावा कीं खेद हें कोणास कळेना. शेवटीं मातोश्रींनींच विचारलें, "मग जेवलीस का?" ती नाहीं म्हणाली. वरणावर तूप वाढतां वाढतां सौभाग्यवती थांबल्या, आणि पुढचा सर्व वेळ यंत्राजवळ बसून काय खातां येईल याविषयींच बोलणें झालें.